नऊपैकी आठ

कनक हाडोळे, इयत्ता चौथी,
एका बोराला एक अंगठा दाखवायची.
म्हणजे मागे वाकवून थेट मनगटाला टेकवायची.
पोट्टे म्हणायचे, "अजून एकदा,"
की दुसरं बोर.

मला ठाऊक होतं. मीही पाहून हसायचो.
तिचं अक्षरही ठाऊक होतं,
पहिली ओळ सरळ, तिसरी घसरलेली,
पाचवीपाशी पेन्सिल अख्ख्या मुठीत.
खाली मी लाल शाईने लिहिलं : आळस सोडावा.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी
गृहपाठ अर्धा, म्हणून म्हटलं,
अंगठे धरून उभी राहा.
तिनं अंगठे धरलेच नाहीत.
दोन्ही तळवे फरशीवर सपाट,
गुडघे ताठ, वेणी धुळीत,
आणि तशीच, उलट्या तोंडानं, हसली.
उद्धट आहे, वाटलं मला.
घंटा होईस्तोवर राहू दिली.

पुढचं मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही.
पानमळ्याच्या धुऱ्यावरून जात होतो,
आत तिची आई, ज्योत्स्ना,
शेवरीला वेल बांधता बांधता
शेजारच्या बाईशी बोलत होती :
"रातभर गुडघे चेपले बाप्पा.
हाडवैद्य म्हने, कुठीच काही निखळलं नाई.
घरचे म्हनते, नाटकं."

मग तपासणीची गाडी आली शाळेत.
त्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला
आणि म्हणाल्या, "बस. पुन्हा नको करूस."
अजून एकदा न म्हणणारं
ते पहिलं माणूस.

अमरावतीला मी सोबत गेलो.
"गुर्जी, चाला तुमी. तिथलं बोलनं मले समजत नाई."
एस.टी.त कनक खिडकीशी, मांडीवर डबा.
तिथल्या बाईंकडे कोनमापक होता,
कंपासपेटीतल्यासारखाच, लांब हातांचा.
करंगळ्या : एक, दोन.
अंगठे : तीन, चार.
कोपरं पलीकडे वळली : पाच, सहा.
एक गुडघा मागे गेला, दुसरा नाही : सात.
"आता वाक बाळा. तळवे टेकतात जमिनीला?"
मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र वाचू लागलो.
"आठ."

कनक माझ्याकडे वळली,
"गुर्जी, नऊपैकी आठ!
गनितात बी नाई भेटले मले इतके."

नाव लांबलचक होतं, कागदावर आहे.
मला समजलं ते एवढं :
हाडं धरून ठेवणारे दोर सैल.
त्यांचं काम मांसाला करावं लागतं,
उभं राहणंसुद्धा मेहनत,
लिहिणं तर फारच.
"ती खोटं बोलत नाही," बाई म्हणाल्या,
आणि सहज विचारलं, "आई, तुमचा अंगठा?"

ज्योत्स्नानं पदराआड हात नेला,
मग पुढे केला.
टेकला.
"मले वाटे, समद्यायचाच टेकते."
आणि बऱ्याच वेळानं, परतीच्या गाडीत,
परतवाडा फाट्याच्या अलीकडे कुठंतरी :
"माह्या वहीत बी लिवलं होतं मास्तरनं. आयशी."

आता पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे.
बाकाखाली वीट, पाय लोंबकळू नयेत म्हणून.
पाय मागे टाकून बसायचं नाही.
रोज भिंतीला पाठ लावून हवेतली खुर्ची,
दहा अंकांपर्यंत, सगळा वर्ग मोजतो,
काही जण मुद्दाम हळू.
गृहपाठ पाच ओळी, बाकीचं तोंडी.
काही रात्री गुडघे दुखतातच.
बाईंनी सांगितलं होतं तसं, दुखतील म्हणून.
लाल शाई खोडरबरानं जात नाही,
ते पान तसंच आहे.

बोरांचा धंदा मात्र बुडाला.
तिनं सरळ मलाच गाठलं :
न वाकवल्याचं रोज एक बोर, तुमच्याकडून.
मी देतो. खिशात ठेवतो, पिकलेलं पाहून.

काल दोन मागितली.
"दुसरं काहून?"
"आईचं," म्हणाली. "ते बी नाई वाकवत आता."